कृषिदूताला कोनला पाठवा

कृषी महाविद्यालयांच्या वर्तुळात एक मत अधूनमधून कानावर येतं. ते इतक्या सात्त्विक सुरात मांडलं जातं की त्याला विरोध करणारा शेतीचाच वैरी वाटावा. मत असं : शेतीच्या पदवीधराची जागा बांधावर आहे, त्याला आंतरराष्ट्रीय शेतमाल व्यापारातल्या कंपनीत इंटर्नशिपला धाडणं म्हणजे जनतेच्या पैशांतून शिकवून-सवरून एक कारकून घडवणं. तिथे तो शिपिंग बिलाच्या प्रती काढणार, पॅकिंग लिस्टमधले आकडे जुळवणार, परदेशी खरेदीदाराला ई-मेल करणार. एवढ्यासाठी चार वर्षं कीटकशास्त्र आणि मृदाशास्त्र कशाला शिकायचं? याला उत्तर द्यायचं तर कुठल्या तरी ठिकाणी पाय रोवून द्यायला हवं. मी पनवेल तालुक्यातलं कोन निवडतो. वर्तमानपत्रांना हे गाव माहीत आहे ते गिरणी कामगारांच्या घरांमुळे. २०१६च्या सोडतीत ज्यांना इथली घरं लागली, त्यांना ताब्यासाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागले. पण कोनचं भूगोलातलं स्थान त्याहून बोलकं आहे. पुण्याकडून येणारा जुना महामार्ग इथून पळस्पे फाट्याला जातो. तिथे एक रस्ता गोव्याकडे वळतो आणि एक थेट उरणच्या बंदराकडे. सोलापूरचं डाळिंब, सांगलीची द्राक्षं, रत्नागिरीचा हापूस या टापूतून पुढे जातात. (नाशिकचा माल भिवंडी-कळंबोलीच्या वाटेने उतरतो, पण पोचतो त्याच धक्क्यावर.) पळस्प्यापासून बंदरापर्यंत गोदामं आणि कंटेनर फ्रेट स्टेशनं यांची रांग लागलेली आहे. महाराष्ट्रातला शेतमाल जिथे परदेशी होतो ती हद्द समुद्रकिनाऱ्यावर नाही, या रांगेत आहे. कृषी महाविद्यालयाचं बोट मात्र तिथवर पोचत नाही.

‘कारकुनी’ या आक्षेपामागे एक समजूत दडलेली आहे : खरी शेती मातीत होते आणि कागद हा तिच्यामागून रखडत येणारा सोपस्कार. निर्यातीचा इतिहास नेमका उलट साक्ष देतो. १ मे २०१४पासून युरोपीय संघाने भारतातला आंबा बंद केला, आणि त्याच्यासोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूसुद्धा. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. मधल्या काळात कोकणातली कलमं बदलली नव्हती, बागायतदार बदलले नव्हते, हवामानही नाही. बदलली ती तपासणीची आणि दाखल्याची वाट : माल मान्यताप्राप्त पॅकहाऊसमधूनच जाणार, ठरावीक प्रक्रिया होणार, वनस्पती संगरोध अधिकारी पाहणी करूनच फायटो, म्हणजे वनस्पती आरोग्याचा दाखला, देणार. द्राक्षाचं उदाहरण याहून कडू आहे. २०१०च्या हंगामात युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड सापडलं. हे वेलीची वाढ आवरायला वापरलं जाणारं संजीवक आपल्या बागांत वर्षानुवर्षं चालत आलेलं होतं. तिथली मर्यादा ०.०५ पीपीएम होती आणि आपल्याकडे निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी होई त्या यादीत त्याचं नावच नव्हतं. ग्रेपनेटसारखी, प्रत्येक बाग नोंदवून माग ठेवणारी यंत्रणा तेव्हा तीन-चार वर्षं चालू होती, तरी हे झालं. यादीत एक ओळ कमी होती, एवढंच. ही ओळ कोणाच्या लक्षात यायला हवी होती? टंकलेखन येणाऱ्याच्या नव्हे. ज्याला संजीवक म्हणजे काय, ते छाटणीनंतर कधी मारतात, त्याचा अंश फळात किती काळ राहतो हे ठाऊक आहे, त्याच्या. फायटोवर किडीचं शास्त्रीय नाव असतं, अंश तपासणीच्या अहवालात रसायनांची, रीफर (शीत) कंटेनरच्या सूचनेत तापमानाची आणि वायुवीजनाची नोंद असते. हे कीटकशास्त्र, कृषी रसायनशास्त्र आणि काढणीपश्चात तंत्रज्ञानच आहे. फक्त ते कागदावर उतरलेलं आहे आणि त्यावर शिक्का बसतो. मग त्या कागदाला कृषी पदवीधर चालत नाही आणि वाणिज्य शाखेचा मुलगा चालतो, हे कुठलं तर्कशास्त्र?

यावर एक चतुर प्रतिप्रश्न होऊ शकतो, आणि त्यासाठी एक घटनाच पुढे केली जाईल. मे २०२५मध्ये नवी मुंबईत विकिरण प्रक्रिया करून विमानाने अमेरिकेला पाठवलेल्या हापूससह आंब्यांच्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. आंबा सडका नव्हता, कीड नव्हती. पीपीक्यू २०३ नावाचा अर्ज चुकीचा दिला गेला, हे कारण. माल परत आणायचा किंवा तिथेच नष्ट करायचा, असे दोन पर्याय होते; परतीचं भाडं आंब्याच्या किमतीला झेपणारं नव्हतं, म्हणून निर्यातदारांनी तो नष्ट केला. नुकसानीचा अंदाज पाच लाख डॉलरच्या घरातला. प्रतिप्रश्न असा, की हा अर्ज अमेरिकी कृषी खात्याच्या वाशीत बसलेल्या अधिकाऱ्याच्या सहीने निघतो. तिथे एखाद्या इंटर्नने काय दिवे लावले असते? मान्य. एखादा विद्यार्थी हजर असता तर ते आंबे वाचले असते, असा दावा मी करत नाही. तो खोटा ठरेल. माझा मुद्दा वेगळा आहे. त्या बातमीनंतर आपल्याकडे जी चर्चा झाली ती बहुतेक अमेरिकेच्या आडमुठेपणावर आणि हापूसच्या अपमानावर झाली. विकिरणाची किमान मात्रा किती, ती मोजण्याची नोंद कोण ठेवतो, अर्जातल्या कोणत्या रकान्यात ती उतरते आणि विमान सुटण्यापूर्वी निर्यातदाराला तो अर्ज पडताळून पाहायची संधी कुठे असते, हे विचारणारे फार थोडे. अमेरिकेने २००७मध्ये भारतीय आंब्याला दार उघडलं ते याच प्रक्रियेच्या अटीवर. एवढ्या वर्षांत ही अट समजणाऱ्या माणसांची फळी उभी राहिली नाही, ती आंबा पिकवणाऱ्या जिल्ह्यांत तर नाहीच. फळी एका हंगामात उभी राहत नाही. दर हंगामात थोडी थोडी मुलं आत घ्यावी लागतात.

आता ‘बांध हीच शाळा’ या आक्षेपाकडे. अखेरच्या वर्षातली रावे, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवाची परंपरा, जुनी आणि चांगली आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१५मध्ये ‘स्टुडंट रेडी’ कार्यक्रमाखाली ती नव्याने बांधली. कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणवले जाणारे हे विद्यार्थी गावात राहतात, रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रिया आणि बोर्डो मिश्रण करून दाखवतात, तालुक्याच्या वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. फोटोची चेष्टा करणं सोपं आहे, मला ती करायची नाही. शहरात वाढलेल्या विद्यार्थ्याला भातखाचरात उतरवणारा हा एकमेव कार्यक्रम आहे. पण तो जिथे संपतो तिथे शेतकऱ्याची खरी अडचण सुरू होते. उत्पादन कसं वाढवावं हे सांगणारे शेतकऱ्याला बरेच भेटतात : विद्यापीठ, कृषी सहायक, खत कंपनीचा माणूस, औषध दुकानदार. माल नाकारला का गेला, दर का पडला, कंटेनर का अडकला हे सांगणारा कोणी भेटत नाही. भेटलाच तर तो दलाल असतो, आणि त्याच्या सांगण्यात त्याचा स्वतःचा हिशेब मिसळलेला असतो. रायगडसह कोकणच्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२मध्ये. मानांकन मिळाल्याचे सत्कार गावोगाव झाले. त्याचा निर्यातीच्या कागदात उपयोग कसा करायचा, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद कशी करायची, परदेशी खरेदीदाराला ते कसं पटवायचं हे शिकवायला मात्र कृषिदूत जाऊ शकत नाही, कारण त्याला ते कोणी दाखवलेलंच नाही. रावे बंद करून कोनला पाठवा, असं मी म्हणत नाही. गावातला काळ झाल्यावर त्याच पिकाच्या मागोमाग त्याला बंदरापर्यंत जाऊ द्या, एवढंच म्हणतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप शोषणाचा आहे, आणि तो उडवून लावणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसणार नाही. इंटर्नशिप या गोंडस नावाखाली फुकट मजूर मिळवायचा धंदा अनेक क्षेत्रांत चालतो. शेतमाल व्यापारात तो अधिक फोफावू शकतो, कारण काम हंगामी असतं, वेळ-अवेळ नसते, रात्रीच्या कटऑफपूर्वी कंटेनर आत जायचा असतो आणि अशा धावपळीत दोन जादा हात कोणालाही हवेच असतात. शिकाऊ उमेदवारी १९६१च्या कायद्यात येते; २०१९च्या सुधारित नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवाराला महिन्याला किमान ९,००० रुपये ठरवले. इंटर्न मात्र या छत्राबाहेर उभा असतो. २०२४मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत सुरुवातीला महिन्याला ५,००० रुपये होते, त्याच वर्षीच्या राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला १०,०००. पनवेल परिसरात खोली भाड्याने घेऊन, दोन वेळचं जेवून पाच हजारांत महिना काढायला सांगणारा माणूस एक तर पनवेलला कधी आलेला नाही किंवा त्याला फक्त पनवेलचीच मुलं हवी आहेत. त्यामुळे ज्याच्या घरून पैसे येतात तोच ‘अनुभव’ विकत घेऊ शकतो, ही टीका खरीच आहे. पण या टीकेतून निघणारा निष्कर्ष इंटर्नशिप बंद करा हा नाही. विद्यावेतनाशिवाय इंटर्नशिपला विद्यापीठाने श्रेयांक देऊ नयेत, हा आहे. कंपनीला विद्यापीठाचं नाव हवं असतं, विद्यार्थ्याला श्रेयांक हवे असतात. दोन्हींची किल्ली विद्यापीठाकडे आहे आणि ती फिरवायला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही. मुलींबाबत हाच न्याय जास्त कडक लावायला हवा. यार्डात नेण्या-आणण्याची सोय नाही, स्वच्छतागृह नाही, म्हणून ‘कृषिकन्यांना तिथे नको’ असं प्राध्यापक सहज बोलून जातात. सोय नसेल तर कंपनी यादीतून काढावी, मुलगी नाही.

चौथा आक्षेप हताशेचा : सरकार रात्रीत धोरण बदलतं, तिथे शिकण्यासारखं काय आहे? कांद्याचा दाखला देतात. तो द्यायलाच हवा, कारण एवढा धडधडीत दाखला दुसरा नाही. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आलं. ऑक्टोबरअखेर टनामागे ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य लागलं. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद. ती ३१ मार्चला संपायची होती, ती लांबवली. ४ मे २०२४ला, लोकसभेच्या निवडणुकीत नाशिक पट्ट्याचं मतदान तोंडावर असताना, बंदी उठली; पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क निम्म्यावर आलं, आणि १ एप्रिल २०२५पासून शुल्क शून्य झालं. वीसेक महिन्यांत एवढ्या कोलांट्या. या धोरणाचं समर्थन मी करणार नाही. ग्राहकाच्या नावाने उत्पादकाला दिलेली ती शिक्षा होती. पण निर्यातबंदीच्या अशा अधिसूचनेत बहुधा एक संक्रमणाचं कलम असतं : अधिसूचना निघण्यापूर्वी कोणाचा माल जहाजावर चढायला लागला होता, कोणाचं शिपिंग बिल दाखल होऊन जहाज बंदरात लागलं होतं, कोणाचा माल सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात नोंदला गेला होता, त्यांना सूट. म्हणजे तोच कांदा, तोच रस्ता, तेच बंदर. एकाचा कंटेनर सुटला आणि दुसऱ्याचा अडकला तो नोंदीच्या वेळेवरून. नियम स्थिर असते तर ते पुस्तकात वाचून भागलं असतं. ते अस्थिर आहेत, म्हणूनच विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना आली त्या संध्याकाळी कचेरीत बसलेले लोक काय करतात, कोणाला फोन करतात, कोणतं कलम आधी वाचतात हे पाहणं गरजेचं होतं. लाल समुद्रातून जाणारी जहाजं नोव्हेंबर २०२३नंतर आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा प्रवास आठवडा-दोन आठवड्यांनी लांबला. कोणत्या बागेचा माल इतके दिवस टिकेल आणि कोणत्या बागेचा जवळच्या बाजारात वळवावा, हा निर्णय घ्यायला व्यापाराची आणि द्राक्षाची, दोन्हींची जाण लागते.

आणि आता तो मुद्दा, ज्यासाठी मी पुणे किंवा वाशी सोडून कोन निवडलं. हा व्यापार घराण्यांचा आहे, बाहेरच्याला त्यात शिरकाव नाही, मग मुलांना खोटी आशा कशाला दाखवायची, असं अनुभवी लोक म्हणतात. कायद्याने पाहिलं तर दार सताड उघडं आहे. आयात-निर्यात क्रमांक ५०० रुपयांत घरबसल्या मिळतो. सीएचएच्या, म्हणजे सीमाशुल्क दलालाच्या, कचेरीत काम करता करता परीक्षा देऊन जी कार्ड हा परवाना मिळवता येतो. तरीही व्यापाऱ्याच्या मुलाला जे दुकानाच्या गादीवर बसून सोळाव्या वर्षी कळतं, ते शेतकऱ्याच्या मुलाला पदवी घेऊनही कळत नाही : एलसीमधली (बँकेच्या पतपत्रातली) कोणती अट घातक, कोणत्या खरेदीदाराला उधार द्यायचं नाही, माल पोचल्यावर ‘दर्जा कमी’ म्हणून दर पाडायला लागलेल्या आयातदाराला काय पुरावा दाखवायचा. हे ज्ञान पुस्तकात नाही आणि जातं ते नात्यांतून. ज्याला असं नातं नाही त्याला आत शिरायची एकच वाट आहे, ती उमेदवारीची. या पट्ट्यात तर या वाटेवर जुनी थकबाकीही आहे. नवी मुंबईसाठी आणि बंदरासाठी उरण-पनवेलच्या गावांनी भातशेती आणि मिठागरं दिली. जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जणांचे प्राण गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व आलं. १९८९मध्ये बंदर सुरू झालं. आज तिथे वर्षाला ७० लाखांहून अधिक कंटेनर-एककं हाताळली जातात. बंदराच्या आवारात शेतमालाच्या साठवण-प्रक्रियेचा प्रकल्प आखलेला आहे, पागोटे ते चौक हा नवा महामार्ग मंजूर आहे, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटनही झालं. जमिनीचा मोबदला मिळाला, कमी-जास्त मिळाला, त्याचा वाद वेगळा. पण जमीन गेल्यावर त्या जमिनीवरून चालणाऱ्या व्यापारात भूमिपुत्राच्या वाट्याला गेटवरची नोकरी, ट्रेलरचं स्टिअरिंग आणि चहाची टपरी यांच्या पलीकडे काय आलं, हे विचारायला हवं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र इथून जवळच, कर्जतला आहे. त्या विद्यापीठातून बाहेर पडणारा पनवेल-उरणचा मुलगा कोनच्या गोदामात पर्यवेक्षक म्हणून जावा, गेटवर रखवालदार म्हणून नव्हे, एवढी अपेक्षा अवाजवी आहे का?

उरतो कंपन्यांचा स्वतःचा आक्षेप, जो उघड कोणी बोलत नाही. खरेदीदाराची नावं, दर, मालाचा उगम ही व्यापाराची गुपितं. आज इंटर्न म्हणून आलेला उद्या स्पर्धक होईल. होऊ दे की. मार्च २०२५मध्ये समुद्रमार्गे भगवा डाळिंबाचे ४,६२० खोके अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोचले, पाच आठवड्यांचा प्रवास करून. विमानाऐवजी जहाज परवडू लागलं तर तिथे एका-दोघांचा नाही, बऱ्याच निर्यातदारांचा माल खपेल. तोवर गोपनीयतेचा करार करता येतो, दर झाकता येतात. तापमानाची नोंद, फायटो, तपासणी अहवाल यांत झाकण्यासारखं काही नसतं. विद्यापीठाने एवढंच ठरवावं : विद्यार्थ्याने एक खेप निवडायची, बागेपासून पॅकहाऊस, पॅकहाऊसपासून कोन-पळस्प्याचं गोदाम, तिथून जहाज आणि पलीकडच्या बंदरात ती स्वीकारली किंवा नाकारली जाईपर्यंत तिचा पाठपुरावा करायचा, आणि त्या खेपेची पूर्ण फाइल प्रबंध म्हणून सादर करायची. तोंडी परीक्षेला प्राध्यापकाच्या शेजारी, ज्याचा माल गेला तो बागायतदार परीक्षक म्हणून बसवावा. खेपेचं काय झालं आणि का झालं, हे त्याला कळेल अशा मराठीत सांगता आलं तर गुण द्यावेत. नाही आलं तर पुढच्या हंगामात पुन्हा पाठवावं, विद्यावेतनासह.